मँटिस श्रिंप आणि मासे एकाच टँकमध्ये राहतील का? लाइव्ह रॉकमधून एक आलाय

खारट_पाणी
नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितोय. माझा साधारण 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दीड वर्ष झालं, खाली छोटा सम्प (टँकशी जोडलेली फिल्टरची टाकी) आहे. मासे म्हणजे दोन ओसेलॅरिस क्लाउन, एक यलो वॉचमन गोबी आणि तीन ग्रीन क्रोमिस, बाकी साफसफाईला टर्बो गोगलगायी आणि पाचसहा हर्मिट खेकडे. दोन महिन्यांपूर्वी अजून एक मोठा लाइव्ह रॉक (जिवंत बारीकसारीक जीवांसकट येतो तो समुद्री खडक) आणून टाकला आणि त्यानंतर रात्री लाइट गेले की टक... टक टक असा आवाज सुरू झाला. आधी वाटलं हीटर तडकला, तो बदलला, मग पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) उघडून इम्पेलर घासून काढला, आवाज आहे तिथेच. मग गोगलगायी कमी व्हायला लागल्या. म्हणजे मेलेल्या दिसत नव्हत्या, नुसते कवचाचे तुकडे वाळूवर पडलेले, जसं कोणी अडकित्त्याने फोडलंय.

काल रात्री दीड वाजता टॉर्च घेऊन बसलो तेव्हा त्या रॉकच्या खालच्या भोकात दोन डोळे दिसले, दांडीवर बसवल्यासारखे, एक माझ्याकडे बघतोय आणि दुसरा भलतीकडेच फिरतोय. अंग हिरवट, असेल चारपाच सेंटीमीटर. शोधून बघितलं तर मँटिस श्रिंप वाटतोय, तो कोळंबीसारखा दिसणारा शिकारी.

आता खरं सांगू का, मला तो आवडलाय. काढून टाकायचा जीव होत नाही. म्हणून विचारतो, त्याला रोज पोटभर खायला दिलं तर तो माशांना सोडेल का? कोणी एकत्र ठेवलंय का? आणि काच फोडतात म्हणतात ते खरं की नुसत्या गप्पा? क्रोमिस सकाळी मोजले तर तीनच आहेत पण रोज रात्री देव पाण्यात ठेवून झोपतोय मी.

रीफ_वेडा
भावा आधी एक गोष्ट पक्की कर, तो मँटिसच आहे ना? कारण टक टक आवाज पिस्टल श्रिंपपण करतो आणि तोही लाइव्ह रॉकमधूनच येतो, आणि तुझ्याकडे वॉचमन गोबी आहे म्हणजे पिस्टल निघाला तर लॉटरीच, ते दोघं एकाच बिळात संसार करतात. पिस्टलला एक चिमटा दुसऱ्यापेक्षा भलताच मोठा असतो, डोळे बारीक, कवचाखाली दडलेले, आणि मिशा लांब. मँटिसला पुढे चिमटा नसतोच, हात दुमडून छातीशी धरलेले असतात, आणि डोळे तू म्हणतोस तसेच, दांडीवर, वेगवेगळ्या दिशेला फिरणारे. कवच फोडलेल्या गोगलगायी सापडल्या म्हणजे माझ्या मते मँटिसच, पण फोटो टाक.

दुसरं म्हणजे मँटिसमध्ये दोन जाती नाहीत, दोन धंदे आहेत असं समज. एक स्मॅशर, हे हाताच्या कोपराने ठोसा मारतात, कवचवाले प्राणी फोडून खातात. दुसरे स्पीअरर, यांच्या हाताला काटे असतात, वाळूत बीळ करून तोंडाशी दबा धरून बसतात आणि वरून गेलेला मासा ओढून घेतात. स्पीअरर असेल तर चर्चाच नको, त्याचं रोजचं जेवणच मासा आहे. रॉकच्या भोकात राहणारा, गोगलगायी फोडणारा, चार सेंटीमीटरचा हिरवा, म्हणजे तुझा स्मॅशर.

आता तुला वाटेल स्मॅशर म्हणजे गोगलगाय खेकडे खाणार, मासे वाचले. हीच गफलत होते सगळ्यांची. त्याला मऊ काही मिळालं तर तो तेही तितक्याच आनंदाने खातो, जंगलातल्या स्मॅशरच्या खाण्याचा अभ्यास झालाय त्यातसुद्धा मासे आणि मऊ अंगाचे प्राणी बऱ्यापैकी निघालेत. आणि पोटभर द्यायचं म्हणशील तर मांजराला वाटीभर दूध पाजलं म्हणून ते चिमणी सोडतं का?

निळा_खडक
मी हे करून बसलेय म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर शेवटचा भाग वाच.

माझ्याकडेपण असाच रॉकमधून आलेला छोटा हिरवा होता, 40 लिटरच्या नॅनोमध्ये, आणि सोबत दोन यलोटेल डॅमसेल. पहिले पाच महिने इतकं छान चाललं होतं की मीच सगळीकडे सांगत फिरायचे की लोक उगाच घाबरवतात. चिमट्याने श्रिंपचा तुकडा भोकाजवळ नेला की आधी तो चिमट्याला एक टिक् करून मारणार, ते बोटांत जाणवतं, मग तुकडा हातातून हिसकावून आत. डॅमसेल तर उलट त्याच्याच दारात जाऊन दादागिरी करायचे.

मग तो कात टाकायला बसला. खायचं बंद, भोकाचं तोंड खडे आणून आणून आतून लिंपून टाकलं, नऊ दिवस दर्शन नाही. बाहेर आला तो अंगाने मोठा आणि सपाटून भुकेला. त्या आठवड्यात एक डॅमसेल गायब. मी म्हटलं उडी मारली असेल, टँकच्या मागे, सोफ्याखाली सगळीकडे शोधलं. चार दिवसांनी पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा दुसरा दिसला, डोकं भोकात, फक्त शेपटी बाहेर, आणि ती शेपटी थोडी थोडी आत सरकतेय. आतून टक. मग परत टक.

त्या माशाची चूक एकच होती, तो रात्री त्या रॉकच्या खाचेत झोपायचा. दिवसा कुठलाही चपळ मासा मँटिसला चुकवतो, प्रश्न रात्रीचा आहे, माशाला कुठेतरी टेकून झोपावंच लागतं. तुझे क्लाउन वरच्या कोपऱ्यात झोपत असतील तर ते बरेच दिवस टिकतील. क्रोमिस रात्री रॉकमध्ये घुसतात, त्यांचं कठीण आहे. आणि गोबी तर चोवीस तास वाळूवर, बिळाच्या शोधात, आणि मँटिसला आपल्या बिळाजवळ दुसरं कोणी आलेलं चालत नाही. खायला म्हणून नाही, नुसतं हाकलायला म्हणून जरी एक ठोसा दिला तरी गोबी संपला. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटतेय.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. सगळे माशांची काळजी करतात, मँटिसची कोणी करत नाही. कात टाकल्यावर त्याचं कवच काही दिवस मऊ असतं, त्याचे ठोसे पण लुळे असतात. तेव्हा एखाद्या दांडग्या रास किंवा ट्रिगर माशाला तो सापडला की त्याचंच जेवण. जंगलात म्हणे तो अशा वेळीसुद्धा दारात येऊन हात पसरून धमकी देतो, मारायची ताकद नसताना, आणि समोरचा दुसरा मँटिस बऱ्याचदा त्याला फसतो. 1983 मध्ये यावर पेपर आला होता, स्टेगर आणि कॉल्डवेल यांचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ते अक्षरशः. पण ट्रिगरला ही म्हण माहीत नसते.

आणि औषधाचं. माशांना पांढरे ठिपके आले आणि तू टँकमध्ये कॉपरचं (तांब्याचं) औषध टाकलंस तर मँटिस मेला, हर्मिट मेले, सगळे कवचवाले मेले. एकत्र ठेवायचं म्हणजे माशांचा एक मुख्य इलाज कायमचा हातातून गेला.

आता तो एकटा राहतो, तीन वर्षं झाली, आणि खरं सांगते माशांच्या टँकपेक्षा मी त्याच्यासमोर जास्त बसते. मी काचेजवळ गेले की दारात येऊन डोळे फिरवत बघत बसतो, नवीन माणूस आला की आत.

उगाच_एक
सगळे नेहमी घाबरवतात इथे. माझ्याकडे 400 लिटरमध्ये पीकॉक मँटिस (मँटिसची मोठी, रंगीत जात) आहे 14 महिने, सोबत मासे आहेत, मस्त चाललंय. टँक मोठा हवा आणि मासे फास्ट हवेत बस.

रीफ_वेडा
@उगाच_एक किती मासे टाकले होते आणि आज किती आहेत?

उगाच_एक
सात होते, आता चार. पण दोन आजारी होते आणि एक बहुतेक ओव्हरफ्लोमध्ये (पाणी सम्पकडे उतरतं त्या वाटेत) गेला.

रीफ_वेडा
बरं.

उगाच_एक
हसा तुम्ही. पण मी ते मासे तेवढी रिस्क घेऊनच टाकलेत, क्रोमिस आणि डॅमसेल, मुख्य प्राणी मँटिस आहे हे ठरवून. उलटं असेल, म्हणजे मासे लाडके आणि मँटिस पाहुणा, तर मीपण नको म्हणेन. एवढं मान्य.

सम्पवाला
काचेचं कोणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. गप्पा नाहीत पण वाढवून सांगतात. 1998 मध्ये इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या पीकॉक मँटिसने पाव इंचाची काच फोडली होती, ती गोष्ट तेव्हापासून फिरतेय. पीकॉक वाढतो 18 सेंटीमीटरपर्यंत, त्याच्या ठोशाचा वेग मोजलाय, पाण्यात सेकंदाला 23 मीटर, म्हणजे ताशी ऐंशीच्या वर, आणि जोर 1500 न्यूटनपर्यंत जातो. गंमत अशी की हे स्नायूच्या जोरावर होत नाही, स्नायू हळूहळू कवचातली एक स्प्रिंग ताणतो, खटका लावून धरतो आणि मग सोडतो, धनुष्यासारखं. हात इतका जोरात जातो की पाण्यात पोकळी तयार होऊन वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटतात तोच दुसरा दणका, पहिल्यानंतर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे नेम चुकला तरी गोगलगायीला झटका बसतोच.

तुझा चार सेंटीमीटरचा आहे, त्याच्याने टँकची जाड काच फुटणार नाही. हीटरची काचेची नळी मात्र फुटू शकते, हीटर सम्पमध्ये टाक किंवा त्याला जाळीचं कव्हर घाल. मोठा मँटिस पाळणारे लोक ॲक्रिलिक टँक घेतात किंवा निदान तळाला, वाळूखाली, ॲक्रिलिकची शीट टाकतात, कारण तो खणत खणत तळापर्यंत जातो आणि मग तिथे ठोकत बसतो.

पण मुद्दा असा की तुझ्याकडे सम्प आहे म्हणतोस, मग रडतोस कशाला? त्याला सम्पमध्ये ठेव. पाणी तेच, तापमान तेच, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) तीच, वेगळा टँक सायकल करत, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढायची वाट बघत बसायला नको. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) आणि रिटर्न पंपच्या बाजूला जाता येणार नाही अशी प्लास्टिकची जाळी लाव, एक पीव्हीसीचा तुकडा आणि थोडे खडे टाक, झाला त्याचा फ्लॅट. फक्त माशांना औषध द्यायचं झालं तर वेगळ्या टँकमध्ये काढून द्यायचं, मेन टँकचं पाणी त्याच्यापर्यंत जातंय हे विसरू नको.

खारट_पाणी
सम्पचं डोक्यातच आलं नव्हतं! पण त्याला काढू कसा? आज रॉक थोडा हलवला तर आत गेला तो गेलाच.

आणि एक, ते सोळा प्रकारचे रंग दिसतात वगैरे वाचलं, मग सम्पमध्ये अंधारात ठेवणं क्रूर नाही का होणार?

निळा_खडक
पहिली गोष्ट हात घालायचा नाही. याला इंग्रजीत अंगठाफोड्या अशा अर्थाचं नाव पडलंय ते उगाच नाही. छोटा असला तरी नखाखाली बसला की कळतं, मला बसलाय.

मी सापळा लावून पकडला होता. प्लास्टिकची छोटी बाटली घे, वरचा भाग कापून उलटा आत बसव म्हणजे नरसाळं झालं, आत श्रिंपचा तुकडा, आणि तळाला दोन खडे टाक नाहीतर तरंगते. संध्याकाळी त्याच्या भोकाच्या तोंडाशी लाव. त्याच्या आधी दोन दिवस खायला काही देऊ नकोस. माझ्या बाटलीत पहिल्या रात्री हर्मिट, दुसऱ्या रात्री हर्मिट, विंचवाचं बिऱ्हाड सगळं सहकुटुंब आत जेवायला, तिसऱ्या रात्री हा. त्यामुळे धीर धर.

नाही आला तर रॉकच बाहेर काढायचा, पण पाण्यातून उचलताना खाली बादली धरूनच, कारण उचलल्यावर बऱ्याचदा तो स्वतःच टपकन पडतो. मग त्या रॉकच्या भोकात सिरिंजने साधा सोडा मारतात लोक, चव साखर काही नसलेला. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने तो सैरभैर होऊन बाहेर येतो. हे फक्त बादलीवर, टँकमध्ये नाही, पीएच पडेल. आणि बाहेर आला की लगेच टँकच्याच पाण्याच्या डब्यात, तुला जिवंत हवा असेल तर. भोकातले बाकीचे किडेमुंगे मात्र त्यात जातात, म्हणून मी हा शेवटचा उपाय म्हणते.

उजेडाचं टेन्शन घेऊ नकोस. उलट पीकॉकला फार झगझगीत लाइटखाली ठेवलं की कवचाचा रोग व्हायचा धोका वाढतो, कवचावर खड्डे पडतात, काळपट होत जातं. त्याला हवं ते अंधारं, पक्कं, अंगाला बरोबर बसणारं बीळ. ते नसेल तर तो खात नाही, कात नीट टाकत नाही, दिवसभर नुसता सैरावैरा. पीव्हीसी पाइप त्याच्या अंगापेक्षा थोडाच रुंद घे, आत वळून उलटं फिरता आलं पाहिजे एवढा, आणि लांबी त्याच्या दुप्पट तरी. दोन्ही तोंडं उघडी, नाहीतर आत पाणी साचून राहतं.

रीफ_वेडा
आणि रंगांचं थोडं. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणारे रिसेप्टर बारा आहेत, सोळा आकडा बाकीचे धरून येतो. पण 2014 मध्ये प्रयोग केला तेव्हा जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात हे महाशय आपल्यापेक्षा बरेच मागे निघाले. तेव्हा आपल्याला न दिसणारी रंगांची जत्रा त्याला दिसते वगैरे सोडून दे. त्याची खरी कमाल वेगळी आहे, वर्तुळाकार पोलराइज्ड उजेड, म्हणजे ज्याच्या लहरी गोल फिरत जातात तो, त्याला दिसतो, हे 2008 मध्ये पीकॉकवरच सिद्ध झालं.

सम्पमध्ये एक छोटा दिवा दिवसाचे आठदहा तास लाव म्हणजे दिवसरात्र कळेल, बास. तापमान 25च्या आसपास, सॅलिनिटी 1.025, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. खायला आठवड्यातून दोनतीनदा, आणि नुसते सोललेले श्रिंप देऊ नकोस, अधूनमधून कवचासकट काहीतरी दे, गोगलगाय, छोटा खेकडा. त्याला फोडायचं काम पाहिजे.

खारट_पाणी
अपडेट. सापडला!!

बाटली चार रात्री लावली, निळा_खडक ताई म्हणाल्या तसंच, तीन रात्री हर्मिट जेवून गेले. चौथ्या रात्री साडेअकराला आवाज आला पण वेगळा, प्लास्टिकवर ठोकल्यासारखा, डब डब डब. धावत गेलो तर आत बसून बाटलीला ठोसे मारतोय. उचलली तर माझ्याकडे वळला आणि हात बाजूला पसरून उभा राहिला, हाताच्या आतल्या बाजूला ठिपका दिसला, पांढरट. 4.5 सेंटीमीटर भरला, बाटलीला पट्टी लावून मोजला.

सम्पमध्ये जाळी लावून, पीव्हीसी टाकून सोडला. पहिला दिवस पूर्ण पाइपच्या मागे, आत जाईना, मला वाटलं गेला आता. दुसऱ्या दिवशी बघतो तर आत बसून एका बाजूचं तोंड खड्यांनी बंद करतोय, एक एक खडा पोटाशी धरून आणतो, लावतो, पसंत पडला नाही तर परत बाहेर ढकलतो. आयत्या बिळात नागोबा नुसता, वर इंटिरियर पण. काल चिमट्याने तुकडा दिला, चिमट्याला टिक् करून मारलं. ताई, ते बोटात जाणवतं ते कळलं आता.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मँटिस काढून दोन दिवस झाले आणि काल रात्री मेन टँकमधून परत टक्. एकच, जोरात. मला घामच फुटला, म्हटलं अजून एक आहे. टॉर्च घेतला तर आवाज त्या रॉकमधून नाही, डावीकडच्या कोपऱ्यातून. तिथे वाळूत एक नवीन भोक, भोकाच्या तोंडाशी आमचा गोबी एकदम ऐटीत बसलेला, आणि त्याच्या शेपटीला लागून दोन लांब मिशा बाहेर. थोड्या वेळाने एक मोठा चिमटा वाळू ढकलत बाहेर आला आणि परत आत गेला.

दीड वर्षात हा गोबी असा बाहेर बसलेला मी पहिल्यांदा बघतोय.

रीफ_वेडा
लॉटरी म्हटलं होतं ना. फोटो टाक. आणि त्या कोपऱ्यातला रॉक वाळूवर नुसता ठेवलेला असेल तर आजच काचेच्या तळावर नीट टेकवून बसव, हे दोघं आता तिथे खालून पोखरणार आहेत.